ओपनफोम: काही महिने रोज वापरल्यानंतर

ओपनफोम, म्हणजे द्रव-वायूंचा प्रवाह संगणकावर सोडवणारं खुलं सॉफ्टवेअर, संशोधनासाठी घ्यावं का? घ्यावं. पण एक गोष्ट आधीच मान्य करून घ्यावी: इथे प्रत्येक निर्णय तुम्हाला स्वतः लिहून द्यावा लागतो. कोणती स्कीम (समीकरणं आकड्यांत उतरवायची पद्धत), कोणतं टर्ब्युलन्स मॉडेल (खळबळत्या प्रवाहाचं गणिती रूप), भिंतीपाशी काय गृहीत धरायचं, दाब कोणत्या एककात वाचायचा, सगळं साध्या मजकुराच्या फाइलींत. आठवडाभरात अहवालात लावायला रंगीत चित्र हवं असेल तर हे तुमच्या कामाचं नाही. प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत ‘हा आकडा कुठून आला?’ याचं उत्तर द्यायचं असेल, तर मात्र याच्याइतकं प्रामाणिक साधन मला दुसरं दिसलेलं नाही.

थोडी पार्श्वभूमी. लंडनच्या इंपिरियल कॉलेजात हेन्री वेलर आणि सहकाऱ्यांच्या कामातून हे वाढलं आणि २००४ मध्ये जीपीएल या मुक्त-सॉफ्टवेअर परवान्याखाली खुलं झालं. आज त्याच्या दोन मुख्य शाखा आहेत आणि नवख्याचे पहिले दिवस याच गोंधळात जातात. एका शाखेच्या आवृत्त्यांना वर्ष-महिन्याचा आकडा असतो (व्ही २३१२ म्हणजे डिसेंबर २०२३), दुसरी फाउंडेशनची, तिला १०, ११, १२ असे सरळ क्रमांक. फाइलींची नावंसुद्धा जुळत नाहीत. पहिलीत श्यानता (व्हिस्कॉसिटी) ‘ट्रान्सपोर्टप्रॉपर्टीज’मध्ये लिहायची, दुसरीच्या नव्या आवृत्त्यांत ‘फिजिकलप्रॉपर्टीज’मध्ये. फाउंडेशनच्या ११ पासून ‘सिंपलफोम’सारखे सुटे सॉल्व्हर (समीकरणं सोडवणारे प्रोग्राम) जाऊन ‘फोमरन’ आलं. म्हणून एक शाखा निवडा आणि ट्युटोरियलं त्याच आवृत्तीची उघडा. खाली लिहिलेलं पहिल्या शाखेला धरून आहे.

विंडोजवर डब्ल्यूएसएलमधून (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) चांगलं चालतं, फक्त केसचं (एका प्रश्नाच्या सगळ्या फाइलींचं) फोल्डर लिनक्सच्या होममध्ये ठेवा. सी ड्राइव्हवर ठेवलंत तर शेकडो बारक्या फाइली लिहिताना सगळं रेंगाळतं. निकालाची चित्रं दाखवणाऱ्या पॅराव्ह्यूमध्ये उघडायला केसच्या फोल्डरात ‘.फोम’ शेपटीची एक रिकामी फाइल बनवली की पुरतं.

केस म्हणजे तीन फोल्डर. ‘शून्य’ नावाच्या फोल्डरात सुरुवातीच्या आणि सीमेवरच्या किमती, ‘कॉन्स्टंट’मध्ये मेश (जागेच्या बारीक तुकड्यांची, म्हणजे सेलची, जाळी) आणि द्रवाचे गुणधर्म, ‘सिस्टम’मध्ये वेळ, स्कीम आणि सॉल्व्हरच्या सेटिंग. एखाद्या जागी कोणते पर्याय चालतात ते आठवत नसेल तर तिथे मुद्दाम ‘बनाना’सारखा भलताच शब्द लिहून केस चालवा. सॉल्व्हर थांबतो आणि चालणाऱ्या शब्दांची पूर्ण यादी छापतो. जुने वापरकर्ते आजही हेच करतात.

पहिलं काम कॅव्हिटीचं (बंद चौकोनात सरकत्या झाकणाने फिरणारा प्रवाह) करा, पण ट्युटोरियल जसंच्या तसं चालवून चित्र पाहण्यापुरतं नको. ०.१ मीटर बाजूचा चौकोन, वरचं झाकण १ मीटर प्रति सेकंदाने सरकतंय, गतिज श्यानता ०.०१, म्हणजे रेनॉल्ड्स अंक (वेग गुणिले लांबी भागिले श्यानता) फक्त १०. श्यानता ०.००१ करा, अंक १०० होतो, आणि १९८२ मधल्या घिया, घिया आणि शिन यांच्या प्रसिद्ध कोष्टकाशी तुलना करता येते. एंडटाइम ०.५ सेकंद पुरत नाही, निदान ३ ठेवा. मूळ मेश २० बाय २० ची, म्हणजे सेल ५ मिलिमीटरचा. ०.००५ सेकंदाच्या वेळेच्या पावलाला कुरांट अंक (एका पावलात प्रवाह किती सेल ओलांडतो तो आकडा) बरोबर १ येतो. मेश दुप्पट बारीक केलीत की पाऊल निम्मं करायचं, ४० ला ०.००२५, ८० ला ०.००१२५. हे विसरलात तर ‘आयकोफोम’मध्ये (या केसचा सॉल्व्हर) उत्तर फुगत जाऊन फुटतं.

आता उभ्या मध्यरेषेवर आडवा वेग काढा. कोष्टकात तळापासून ०.४५३१ उंचीवर −०.२१०९० आहे, आपल्या चौकोनात ती जागा ०.०४५३१ मीटरवर येते. २० च्या मेशवर हा खळगा उथळ दिसेल, ४० वर खोल जाईल, ८० वर कोष्टकाला जवळजवळ टेकेल. दुसऱ्या क्रमाची स्कीम असेल तर मेश दुप्पट बारीक केल्यावर चूक साधारण चौथाई व्हायला हवी. ती निम्मीच होत असेल तर कुठेतरी पहिल्या क्रमाची स्कीम राहून गेली आहे असं समजा आणि स्कीमची फाइल ‘एफव्हीस्कीम्स’ उघडा. वरच्या दोन कोपऱ्यांतला दाब मात्र तपासायला घेऊ नका. तिथे झाकणाचा वेग आणि भिंतीचा शून्य वेग एकाच बिंदूत भेटतात, त्यामुळे मेश बारीक कराल तसा तो दाब वाढतच जातो, थांबत नाही.

हा सराव माझ्या मते सगळ्या अभ्यासक्रमांपेक्षा जास्त शिकवतो. नंतर कुठल्याही केसमध्ये हात आपोआप तीन मेशकडे जातो.

त्यानंतर ‘पिट्झडेली’: पायरीवरून पडणारा टर्ब्युलंट प्रवाह, प्रवेशाची रुंदी २५.४ मिलिमीटर, वेग १० मीटर प्रति सेकंद. तिथे के (टर्ब्युलन्सची गतिज ऊर्जा) ०.३७५ आणि एप्सिलॉन (ती विरून जाण्याचा दर) १४.८५५ असे आकडे आधीच भरलेले असतात आणि बहुतेक जण ते उचलून स्वतःच्या केसमध्ये चिकटवतात. तसं करू नका, ते दोन मिनिटांत काढता येतात. ५ टक्के टर्ब्युलन्स धरला तर वेगातला चढउतार ०.५. त्याचा वर्ग गुणिले १.५ म्हणजे ०.३७५. लांबीचं माप प्रवेशाच्या रुंदीच्या दहाव्या भागाइतकं, २.५४ मिलिमीटर. के चा दीड घात गुणिले ०.०९ चा पाऊण घात, भागिले ही लांबी, की १४.८५५ च्या आसपास येतं. तुमची नळी ३०० मिलिमीटरची आणि वेग २ असेल तर दोन्ही आकडे पार वेगळे पडतील.

दाबाबद्दल खास सांगतो, कारण याच एका गोष्टीने कितीतरी आलेख चुकीचे छापले जातात. असंपीड्य (घनता बदलत नाही असं धरणाऱ्या) सॉल्व्हरांमध्ये ‘पी’ म्हणजे दाब भागिले घनता. एकक पास्कल नाही, मीटर वर्ग प्रति सेकंद वर्ग. हवेचा वेग १० असेल तर थांबबिंदूवर (जिथे प्रवाह अडून वेग शून्य होतो) ‘पी’ ५० च्या जवळ दिसायला हवा; १.२ ने गुणलं की ६० पास्कल. पाण्याला १००० ने गुणायचं. फाइलीच्या वरच्या सात आकड्यांच्या कंसात मिती लिहिलेली असते, ती वाचायची सवय लावा. मिती चुकली तर सॉल्व्हर स्वतःच अडवतो. ही या सॉफ्टवेअरची फार मोठी जमेची बाजू. पण मिलिमीटरचं मॉडेल मीटर समजून घातलंत तर त्याला ते कळायचा मार्ग नाही, कारण मिती लांबीचीच आहे. कॅडमधून आलेली एसटीएल (आकाराच्या पृष्ठभागाची फाइल) हजारपट मोठी निघते ती अशी. ‘सरफेसचेक’ने बाउंडिंग बॉक्स बघा आणि पृष्ठभाग बंद आहे का तेही तिथेच बघा.

खरा वेळ खातं ते मेश बनवणारं ‘स्नॅपीहेक्समेश’. तिन्ही टप्पे एका दमात चालवू नका. आधी कापणी आणि चिकटवणी, भिंतीचे थर (भिंतीलगतचे पातळ सेल) बंद. ‘चेकमेश’मध्ये सेलच्या वाकडेपणाची दोन मापं, नॉन-ऑर्थोगोनॅलिटी ७० च्या खाली आणि स्क्युनेस ४ च्या खाली, आली की मग थर चालू करा. ‘लोकेशनइनमेश’चा (कोणता भाग ठेवायचा ते सांगणारा) बिंदू सेलच्या पृष्ठावर पडला तर मेशर भलतीकडचा भाग ठेवतो, म्हणून ०.५ ऐवजी ०.५०३७ असा वेडावाकडा आकडा द्या. धारा गोल होऊन जात असतील तर फीचर-एजची फाइल वाचली जातेय का ते पाहा. धारदार कोपऱ्यांवर आणि खाचांत थर सुटतात, ते जवळपास गृहीतच धरा. लॉगच्या शेवटी प्रत्येक पॅचवर (सीमेच्या भागावर) सरासरी किती थर बसले याचं कोष्टक येतं. पाच मागितले आणि दोनच बसले असतील तर भिंतीवरच्या घर्षणाचा आकडा छापण्यालायक नाही, मग बाकीचं चित्र कितीही सुंदर असो.

पहिल्या थराची जाडी अंदाजाने टाकू नका. १ मीटर लांबीच्या पट्टीवरून १० मीटर प्रति सेकंदाची हवा धरा, श्यानता १.५ गुणिले १०⁻⁵. रेनॉल्ड्स अंक पावणेसात लाखांच्या आसपास, घर्षण गुणांक सुमारे ०.००३८, त्यातून घर्षणवेग सुमारे ०.४४. वाय-प्लस (भिंतीपासूनचं एककरहित अंतर) १ साठी अंतर ०.०३४ मिलिमीटर, ५० साठी १.७ मिलिमीटर. मेख अशी की ओपनफोम हे अंतर सेलच्या केंद्रापासून मोजतं, म्हणून थराची जाडी दुप्पट धरायची: १.७ ऐवजी ३.४. वॉल फंक्शन (भिंतीपाशी सूत्राने काम भागवणं) वापरायचं असेल तर वाय-प्लस ३० ते ३०० मध्ये ठेवा. भिंतीपर्यंत खरंखुरं सोडवायचं असेल तर १ च्या आत. ५ ते ३० मधली जागा दोन्हीकडून वाईट. केस संपल्यावर ‘वायप्लस’ फंक्शन चालवून खरा आकडा पाहाच.

स्कीमबद्दल माझं मत ठाम आहे. केस उभी करायला ‘अपविंड’ चालेल, निकाल द्यायला नाही. पहिल्या क्रमाची अपविंड स्कीम वेग गुणिले सेलची लांबी भागिले दोन इतकी खोटी श्यानता मिसळते. १० मीटर प्रति सेकंद आणि ५ मिलिमीटरचा सेल म्हणजे ०.०२५, हवेच्या खऱ्या श्यानतेच्या सोळाशे पटींहून जास्त. प्रवाह मेशच्या रेषेत असेल तर ते फारसं जाणवत नाही, तिरका गेला की भोवरे पुसून टाकतं. म्हणून काहीशे इटरेशन अपविंडवर, मग ‘लिनियरअपविंड’वर. अंडररिलॅक्सेशन (प्रत्येक इटरेशनला बदलाचा किती भाग घ्यायचा) दाबाला ०.३, वेगाला ०.७ ठेवून सुरू करा; सिंपल-सी (दाब-वेग जोडायची सुधारित पद्धत) चालू केलं तर वेग आणि टर्ब्युलन्सला ०.९ पर्यंत जाता येतं.

केस फुटली, ‘फ्लोटिंग पॉइंट एक्सेप्शन’ आलं, तर सॉल्व्हरला दोष देण्याआधी तीन गोष्टी पाहा. बाहेर पडण्याच्या पॅचवर उलटा प्रवाह येतोय का? ‘झीरोग्रेडियंट’ऐवजी ‘इनलेटआउटलेट’ लावा किंवा डोमेन लांबवा. के किंवा एप्सिलॉन कुठे शून्य भरलंय का? मेशमधल्या सर्वांत वाईट सेलपाशीच वेग वाढतोय का? बहुतेक वेळा उत्तर या तिघांतच सापडतं.

रेसिड्युअल (समीकरणांत उरलेली चूक) १०⁻⁵ वर आले म्हणजे उत्तर आलं असं नाही. ‘फोर्सकोइफ्स’ लावून ड्रॅगचा (प्रवाहाच्या ओढीचा) आलेख सपाट होतोय का ते बघा. तिथेही एक खाच आहे: ‘ए-रेफ’ (संदर्भ क्षेत्रफळ) मॉडेलच्या खऱ्या क्षेत्रफळाचाच द्यायचा. सममितीमुळे अर्धंच मॉडेल घेतलं असेल तर अर्धा; द्विमितीय केसमध्ये १ मीटर व्यासाचा सिलिंडर आणि मेशची जाडी ०.१ असेल तर ०.१ चौरस मीटर. रेनॉल्ड्स अंक १०० ला सिलिंडरचा स्ट्रूहाल अंक (भोवरे सुटण्याच्या वारंवारतेचा एककरहित आकडा) ०.१६५ च्या आसपास यायला हवा. अस्थिर प्रवाहाची सेटिंग तपासायला ही केस उत्तम.

मशीनची गरज समजते त्यापेक्षा वेगळी आहे. दहा लाख सेलला साधारण १ ते २ जीबी रॅम, मेश बनवताना जास्त. पण वेग अडतो तो रॅमच्या बँडविड्थवर, कोअरच्या संख्येवर नाही. म्हणून आठ कोअरच्या लॅपटॉपवर चारनंतर फारसा फायदा दिसत नाही, आणि हायपरथ्रेडिंगचे खोटे कोअर मोजण्यात अर्थ नाही. प्रत्येक कोअरला ५० हजार ते १ लाख सेल मिळतील इतकीच वाटणी करा. ‘डिकंपोजपार’मधला तुकड्यांचा आकडा आणि एमपीआयला (कोअरांमध्ये काम वाटून चालवणाऱ्या यंत्रणेला) दिलेला आकडा एकच हवा. ‘पर्जराइट’ला (शेवटच्या किती वेळा साठवायच्या) २ किंवा ३ दिलंत की स्थिर केसमध्ये डिस्क भरत नाही, अस्थिर केसमध्ये मात्र ते ० ठेवा, नाहीतर सरासरी काढायला जुन्या वेळाच शिल्लक राहणार नाहीत.

सगळ्याच कामांना हे सारखं बसत नाही. पृष्ठताण जिथे सर्वेसर्वा आहे अशा बारीक थेंबांसाठी ‘इंटरफोम’मध्ये (दोन न मिसळणाऱ्या द्रवांचा सॉल्व्हर) पृष्ठाभोवती खोटे प्रवाह उठतात, तिथे निकाल फार जपून वाचावे लागतात. पाइप, डक्ट, इमारतीभोवतीचा वारा, उष्णता विनिमयक यांसाठी मात्र ते भक्कम आहे. शिकायला आयआयटी मुंबईच्या फॉसी या मुक्त-सॉफ्टवेअर प्रकल्पाने विद्यार्थ्यांच्या केस फाइलींसह खुल्या ठेवल्या आहेत, आणि तिथल्याच स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे धडेही आहेत. तुमच्या विषयाच्या जवळची एखादी केस तिथून उतरवा, आधी तिचे आकडे तुमच्या मशीनवर जसेच्या तसे आणा, आणि मगच त्यात तुमची भूमिती घाला.