स्पीकर स्टँडची उंची: नागपुरी हॉलमधला वर्षभराचा अनुभव

बुकशेल्फ स्पीकर, म्हणजे फळीवर किंवा स्टँडवर ठेवायचे छोटे स्पीकर, घेतले की स्टँड २४ इंची घ्यायचा, अशी पद्धतच पडली आहे. २४ इंच म्हणजे ६१ सेंटिमीटर. तयार स्टँड बहुधा त्याच मापात मिळतात, म्हणून लोक तेच घेतात. खरं तर उंची दोनच गोष्टींवर ठरते: स्पीकरमध्ये ट्विटर, म्हणजे उंच सूर वाजवणारा छोटा भाग, कुठे आहे आणि तुम्ही बसता कुठे. ट्विटर कानाच्या पातळीत यायला हवा. त्यामुळे जमिनीपासून कानापर्यंतच्या उंचीतून स्पीकरच्या तळापासून ट्विटरच्या मध्यापर्यंतचं अंतर वजा करायचं. जे उरेल ते स्टँडचं माप.

कान मोजताना मात्र ताठ बसू नका. अर्ध्या तासाने माणूस सोफ्यात जसा रुततो तसं बसा आणि टेप दुसऱ्याच्या हाती द्या. माझं माप ९४ सेंटिमीटर आलं. ३३ सेंटिमीटर उंचीच्या माझ्या स्पीकरमध्ये ट्विटर तळापासून २७ वर आहे. उरले ६७, आणि या मापाचा तयार स्टँड मला मिळाला नाही.

मग मानेवाड्याकडच्या एका वेल्डिंगवाल्याकडून करून घेतले. तो म्हणाला, "भाऊ, एवढं लोखंड कायले? भिंतीले फळी ठोका ना." तरी केले त्याने झकास. तीन इंची चौकोनी पाइप, खाली एक फूट बाय एक फूट आठ एमएमची प्लेट, वर स्पीकरच्या तळापेक्षा थोडी लहान प्लेट. पाइप रिकामा असला की बोटाने टिचकी मारल्यावर घंटेसारखा वाजतो, म्हणून आत कन्हान नदीची रेती भरली. ती आधी चाळून गच्चीवर मेच्या उन्हात वाळवली. ओली भरली तर पाइप आतून गंजतो. एका स्टँडमध्ये पाचेक किलो बसली. आता टिचकीला नुसता ठक आवाज येतो. खेळणारी पोरं येऊन आपटली तरी स्टँड डुगडुगत नाही.

सोफ्यावरून ऐकायला काहीच तक्रार नाही. वसंतराव देशपांडेंची तान असो की रेडिओवरच्या बातम्या, आवाज समोरच्या भिंतीवर बरोबर मधोमध उभा राहतो. खालच्या टाइल्सवरून आवाज उसळतो, त्यासाठी सतरंजी अंथरली. टाळी वाजवल्यावरचा खणखणाट कमी झाला. पण जमिनीवरून परतणाऱ्या आवाजाने ३०० हर्ट्झच्या आसपास जो खड्डा पडतो, म्हणजे तिथले सूर क्षीण होतात, त्याला सतरंजी काही करत नाही. एवढ्या लांब लहरींना एवढ्याशा जाडीचा पत्ताही लागत नाही.

खरी गंमत उन्हाळ्यात. पारा ४५ च्या घरात गेला की आमच्याकडे सोफ्यावर कोणी बसत नाही. सगळे कूलरसमोर गादीवर, लोडाला टेकून. कान येतो साठ-सत्तर सेंटिमीटरवर, स्पीकरपासूनचं अंतरही दीडेक मीटर उरतं. ट्विटर मात्र वर ९४ लाच. माझ्या स्पीकरमध्ये वूफर (खालचे सूर वाजवणारा मोठा भाग) आणि ट्विटर यांची हद्द अडीच हजार हर्ट्झच्या जवळ आहे, आणि तिथली लहर जेमतेम १४ सेंटिमीटरची. कान खाली गेला की दोघांकडून येणाऱ्या आवाजाच्या वाटेत दोन-तीन सेंटिमीटरचा फरक पडतो आणि त्या पट्ट्यातली धार बोथट होते. नेमके शब्दांतले 'श', 'च', 'ट' तिथेच असतात. वरून कूलरची घरघर, म्हणजे गाण्यातले शब्द आणखीच बुडतात.

यावर दोन उपाय करून पाहिले. पहिला, मागच्या कडेखाली दोन सेंटिमीटरचा रबरी तुकडा सरकवून स्पीकर पुढे झुकवायचा. साधारण पाच अंशांचा कल मिळतो, आवाज सुधारतोही, पण स्पीकर घसरेल की काय ही धास्ती राहते. खाली ब्लू टॅकच्या (पुटीसारख्या चिकट पदार्थाच्या) गोळ्या लावल्याशिवाय हे करू नये. दुसरा उपाय मला जास्त आवडला: स्पीकर सरळ उलटा ठेवायचा. ट्विटर तळापासून ६ सेंटिमीटरवर येतो, म्हणजे जमिनीपासून ७३. गादीवर बसलेल्याच्या कानाला जवळपास नेमका. स्पीकरला त्याचं काही वाटत नाही, आतले ड्रायव्हर, म्हणजे वूफर आणि ट्विटर, उलटे-सुलटे सारखेच वाजतात. फक्त कंपनीचं नाव शीर्षासनात दिसतं, आणि येणारा प्रत्येक पाहुणा, "काहो, हे उलटे कायले ठेवले?" असं विचारतो. जाळी निघणारी असेल तर ती फिरवून लावा, निम्मे प्रश्न कमी होतात.

नवीन कोणी करून घेत असेल तर एकच सुचवीन: उंची खालीवर करता येणारा स्टँड पाहण्याआधी आपला स्पीकर उलटा धरून ट्विटर कुठे येतो ते मोजा. वूफर आणि ट्विटर एकाच केंद्रात बसवलेला, म्हणजे कोअ‍ॅक्सियल स्पीकर असेल तर ही उलटापालट बहुतेक लागणारच नाही. त्यात खालीवर बसल्याने फारसं बिघडत नाही.

बाकी स्टँडला खाली टोकदार स्पाइक होते, ते टाइलवर ओरखडे पाडू लागले म्हणून प्रत्येकाखाली रुपयाचं नाणं सरकवलं. आणि पावसाळ्यात खालच्या प्लेटच्या कडेला, जिथे फरशी पुसताना ओलं फडकं लागतं, तिथे गंज धरला आहे. त्याला आता रेड ऑक्साइड मारावा लागेल.