साउंडबार घ्यावा की ॲम्प्लिफायर-स्पीकरची जोडी?

टीव्हीचा आवाज सुधारायला ऑनलाइन काही शोधायला बसलं की आधी साउंडबारच समोर येतात, म्हणजे टीव्हीखाली ठेवायची लांबट पट्टी, ज्यात स्पीकर आणि ॲम्प्लिफायर (आवाज मोठा करणारं यंत्र) एकत्रच असतात. आवाज कसा आहे, ते शेकडो लोक सांगतात. बिघडल्यावर काय होतं, तेवढंच मी सांगतो.

साउंडबारमध्ये पॉवर सप्लाय, ॲम्प्लिफायर, ब्लूटूथ, एचडीएमआय (टीव्हीला एका केबलनं जोडायची सोय) असं सगळं एक-दोन बोर्डांवर दाटीवाटीनं बसवलेलं असतं. त्यातलं काहीही गेलं की सर्व्हिस सेंटर सहसा अख्खा बोर्डच बदलायला सांगतं. आमचा बार १४व्या महिन्यात, पावसात लाइट गेली-आली त्या रात्री मुका झाला. वॉरंटी १२ महिन्यांची. बोर्डाचा खर्च सांगितला तो बारच्या निम्म्या किमतीहून जास्त. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला! त्यात वायरलेस सबवूफर (खर्जाच्या आवाजाचा वेगळा स्पीकर) बहुधा स्वतःच्या बारशीच बोलतो. बार गेला की तो धडधाकट असून कोपऱ्यातलं स्टूल होतो.

जोडीत भाग सुटे. साध्या स्टिरिओ ॲम्प्लिफायरमध्ये बिघडतं ते बहुतेकदा फ्यूज, रिले (आतला आपोआप चालणारा स्विच), कपॅसिटर (वीज साठवणारा छोटा भाग) नाहीतर स्पीकरला आवाज पाठवणारी आउटपुटची चिप, म्हणजे आयसी. फुगलेला कपॅसिटर काही रुपयांत मिळतो, पैसे जातात ते मजुरीत. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत अशा कामाचे सुटे भाग मिळतात. पॅसिव्ह स्पीकरमध्ये, म्हणजे ज्यात स्वतःचा ॲम्प्लिफायर नसतो त्यात, तर बिघडण्यासारखं फार नसतंच. काही वर्षांनी स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याभोवतीचा फोम कुजतो, तो नवा बसवता येतो. अर्थात वायरी लोंबतात, रिमोट दोन होतात आणि स्वस्त ॲम्प्लिफायरला एचडीएमआय सहसा नसतो.

काहीही घ्या, ‘बाय’ दाबण्याआधी वॉरंटी कंपनीची की नुसती विक्रेत्याची, ते वाचा. कंपनीच्या साइटवर आपला पिन कोड टाकून सेंटर किती लांब आहे तेही बघा. माणूस घरी येणार की वस्तू आपण न्यायची, यात फार फरक पडतो. आठ किलोचा ॲम्प्लिफायर कुरिअर करून बघा म्हणजे कळेल. म्हणून खोकं आणि आतला थर्माकोल वर्षभर टाकू नका. बाहेरून आणलेला माल स्वस्त दिसला तर मागची व्होल्टेजची पट्टी झूम करा. नुसत्या १२० व्होल्टचा अमेरिकन ॲम्प्लिफायर आपल्या २३० व्होल्टवर थेट लावला तर गेलाच.

मी आता जोडी वापरतो. शेजारच्या काकूंना मात्र साउंडबारच घ्यायला लावला, एकच रिमोट म्हणून. फक्त वाढीव वॉरंटीसकट, आणि ती बिलावर लिहून घेऊन.