मुंबईचं टी-२ की बंगळुरूचं टी-२?

टी-२ म्हणजे विमानतळाचं टर्मिनल २. दोन्ही टर्मिनलचा आराखडा एकाच अमेरिकी वास्तुरचना संस्थेचा, एसओएमचा. मुंबईचं २०१४ साली सुरू झालं, बंगळुरूच्याचं उद्घाटन २०२२ मध्ये. तरी तिथे थांबण्याचा अनुभव अगदी वेगळा.

मुंबईत नजर थेट छताकडे जाते. पांढरे खांब वर उमलत जातात, मोरपिसाची आठवण देणाऱ्या झरोक्यांतून ऊन ठिपक्याठिपक्यांनी उतरतं. डोळे सुखावतात, पण त्या भव्यतेचं थोडं दडपण येतं, मला तरी.

बंगळुरूत छतभर बांबूच्या पट्ट्यांची जाळी. तिच्यातून गाळून आलेला उजेड झाडाखालच्या कवडशांसारखा मऊ. वरून टांगलेली झाडं, बाहेर हिरवाईचा पट्टा. विमानाला वेळ होता. दर पाच मिनिटांनी घड्याळ बघणारी आई उठली, एक पान बोटांत धरून म्हणाली, "अगं, खरंच आहे की!" पुढचा तासभर तिने वेळ विचारली नाही.

संशोधक रॉजर उलरिक यांच्या १९८४ च्या अभ्यासात खिडकीतून झाडं दिसणारे रुग्ण शस्त्रक्रियेनंतर लवकर घरी गेले होते. विमानतळ म्हणजे रुग्णालय नव्हे, पण धास्ती दोन्हीकडे असतेच. वयस्कर माणसं सोबत असतील आणि मध्ये तीन तास काढायचे असतील, तर मी बंगळुरूच निवडेन.