शिक्क्याला लाल हवा तर हिंगुळाचाच

हांगझौमध्ये शिक्के कोरायला शिकायला लागल्यापासून जे जे सामान घेतलं, त्यात मला सर्वांत मोलाची वाटते ती यिन्नीची डबी. यिन्नी म्हणजे शिक्का उठवायची लाल लुगदी. मी ती गुशान टेकडीजवळच्या एका दुकानातून घेतली. शिक्केकारांची शीलिंग यिनशे ही संस्था १९०४ साली याच टेकडीवर सुरू झाली, त्यामुळे दगड, पटाशी, शुआन कागद (चिनी सुलेखनाचा हातकागद) सगळं आसपास मिळतं.

दुकानातल्या बाईंनी दोन डब्या उघडून दोन्हींचे ठसे शेजारी शेजारी उठवून दाखवले. एकीतला लाल झूशा, गडद आणि भारदस्त; दुसरीतला झूब्याओ, उजळ, किंचित नारिंगीकडे झुकणारा. दोन्ही एकाच हिंगुळातून, म्हणजे लाल खनिजातून, निघतात. खनिज घोटून पाण्यात ढवळलं की जड कण खाली बसतात, आणि वर तरंगत राहणारी बारीक पूड म्हणजे झूब्याओ. मी झूब्याओ घेतला. शाईच्या काळ्याभोर अक्षरांखाली तो असा काही उठतो की नजर आधी तिकडेच जाते.

स्वस्त, रासायनिक रंगाची यिन्नीही मी वापरली आहे. तिचं तेल कागदात पसरतं, ठशाभोवती पिवळट कडा येते आणि बारीक रेषा बुजतात. हिंगुळाची लुगदी मात्र कागदावर थर धरून बसते; वाळल्यावर बोट फिरवलं तर अक्षर हाताला लागतं. तिच्यात हिंगूळ, वर्षानुवर्षं उन्हात मुरवलेलं एरंडेल आणि दवण्याच्या जातीच्या एका वनस्पतीची लव असते. किंमत कितीतरी पट जास्त, पण ती मला पटते.

या लालाचा मान चीनमध्ये फार जुना. आन्यांगला सापडलेल्या, शांग या प्राचीन राजघराण्याच्या काळातल्या काही अस्थिलेखांच्या (हाडांवर कोरलेल्या लेखांच्या) अक्षरांत हिंगूळ भरलेला आहे. छिंग या शेवटच्या राजघराण्याचे बादशहा अर्जांवर आपला शेरा लाल शाईने लिहीत. त्यांतला योंगझंग १७२२ साली गादीवर आला तेव्हा त्याने वडिलांचे शेरे असलेले सगळे कागद दरबारात परत मागवले, इतकं त्या लाल अक्षरांचं वजन! तैपेईच्या राजवाडा संग्रहालयात वांग शीझ या प्राचीन सुलेखनकाराच्या नावे असलेलं बर्फावरचं छोटं पत्र आहे. त्याच्याभोवती छ्यानलोंग बादशहाने इतके शिक्के उठवलेत की मूळ चार ओळी शोधाव्या लागतात. मला ते अती वाटतं, पण रंग अजून ताजा आहे हे मान्य करावंच लागतं.

वापराचं म्हणाल तर शिक्का लुगदीत दाबू नका. लुगदीचा गोळा करून दगडावर हलक्या हाताने टिपा, कागदाखाली दोनचार मऊ कागद ठेवा. तेल वर येतं म्हणून मधूनमधून शिंगाच्या किंवा बांबूच्या चपट्या काडीने एकाच दिशेने घोळवा. धातूचा चमचा नको. डबी चिनी मातीचीच हवी. तीव्र उजेडात हिंगूळ काळवंडतो, म्हणून ठसेही उन्हात टांगू नका.

आणि हिंगूळ म्हणजे पाऱ्याचं संयुग, हे विसरू नका. काम झालं की हात धुवा, डबी लहान मुलांपासून दूर ठेवा, चुकूनही तापवू नका. नव्याने शिकणाऱ्याने सर्वांत लहान डबी घ्यावी. हात हलका असेल तर तीच खूप पुरते, आणि जुन्या पिवळसर कागदावर काम करायचं असेल तर झूशाचीही एक घ्यावी.