राष्ट्रीय लोकअदालत: पैशाच्या वादाला उत्तम, भावकीच्या वादाला अपुरी

तालुक्याच्या कोर्टापासून उच्च न्यायालयापर्यंत एकाच दिवशी भरणारी राष्ट्रीय लोकअदालत ही वाद मिटवण्याची सर्वांत स्वस्त सोय आहे. वर्षातून साधारण चार वेळा, बहुधा शनिवारी, ती भरते. वेगळी फी नाही. दावा आधीच दाखल असेल तर भरलेली कोर्ट फी परत मिळते. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 21 प्रमाणे इथल्या निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याची, म्हणजे दिवाणी कोर्टाच्या निकालाची, ताकद असते आणि त्यावर अपील चालत नाही. पण ही सोय सगळ्या वादांना सारखी लागू पडत नाही. भांडण फक्त रकमेच्या आकड्याचं असेल तर डोळे झाकून जावं. नात्याचं असेल तर आधी मध्यस्थी केंद्र गाठावं आणि लोकअदालतीत फक्त शिक्कामोर्तबासाठी यावं.

पॅनेलवर कार्यरत किंवा निवृत्त न्यायाधीश असतात, सोबत वकील किंवा सामाजिक कार्यकर्ता. हे पॅनेल कुणाच्या बाजूने निकाल देत नाही. दोन्ही पक्ष राजी झाले तर तडजोड लिहून घेतं, नाही झाले तर प्रकरण मूळ कोर्टात, होतं त्याच टप्प्यावर परत जातं. नोटीस आली म्हणजे तडजोड करावीच लागेल, हा समज चुकीचा आहे. दावा दाखल नसेल तरी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज देऊन प्रकरण दाखलपूर्व म्हणून ठेवता येतं. घटस्फोट आणि कायद्याने तडजोड न होणारे गुन्हे मात्र इथे चालत नाहीत.

खरं काम लोकअदालतीच्या दिवशी होत नाही, आधीच्या पूर्वबैठकीत होतं. त्या शनिवारी एकेका पॅनेलपुढे प्रकरणांची रीघ असते, प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम काही मिनिटं येतात. त्या वेळात आकडा ठरत नाही, ठरलेला आकडा फक्त लिहिला जातो. म्हणून मोटार अपघाताच्या दाव्यात विमा कंपनीचा रक्कम मंजूर करण्याचा अधिकार असलेला माणूस पूर्वबैठकीला येतोय का, हे वकिलामार्फत आधीच विचारून घ्यावं. नुसता कागद घेऊन आलेला प्रतिनिधी असेल तर ‘वर विचारून सांगतो’ म्हणतो आणि पुढची तारीख पडते. आकडा ठरवताना व्याज त्यात धरलंय का आणि रक्कम किती दिवसांत जमा होणार, हे दोन्ही लेखी हवं.

बँकेच्या थकीत कर्जात सवलत चांगली मिळते, पण एक गोष्ट फार कमी लोकांना सांगितली जाते. कमी रकमेत तडजोड केली की सिबिलच्या नोंदीत खातं ‘क्लोज्ड’ नाही, ‘सेटल्ड’ दिसतं, आणि पुढचं कर्ज मागताना ते आडवं येतं. लवकरच घरासाठी कर्ज काढायचं असेल तर मुद्दल पूर्ण भरून व्याजात सूट मागता येते का, ते पाहावं आणि खात्याची नोंद कशी होणार हे बँकेकडून लेखी घ्यावं. पैसे भरल्यावर ‘नो ड्यूज’ पत्र आणि गहाण कागद परत देण्याची मुदतही तडजोडीत घालावी.

चेक न वटल्याच्या प्रकरणात फिर्यादीनं सर्वांत जास्त सावध राहायला हवं. तडजोड झाली की कलम 138 खालचा खटला संपतो आणि त्याबरोबर आरोपीवरचा फौजदारी दबावही. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये स्पष्ट केलंय की अशा प्रकरणातला लोकअदालतीचा निवाडाही दिवाणी हुकूमनाम्यासारखा अंमलात आणता येतो. पण त्यासाठी दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करावी लागते, समोरच्याची मालमत्ता शोधावी लागते. त्यामुळे पहिली मोठी रक्कम त्याच दिवशी डिमांड ड्राफ्टने घ्यावी. ‘आरोपी उर्वरित रक्कम लवकरात लवकर देईल’ असं वाक्य तर मुळीच मान्य करू नये. त्याऐवजी असं लिहून घ्यावं: ‘आरोपी 3,60,000 रुपये प्रत्येकी 30,000 च्या 12 हप्त्यांत, दरमहा 10 तारखेपर्यंत, फिर्यादीच्या अमुक बँक खात्यात भरेल. कोणतेही दोन हप्ते थकल्यास उरलेली सर्व रक्कम द.सा.द.शे. 9 टक्के व्याजासह एकदम वसूल करण्याचा फिर्यादीला हक्क राहील.’ तारीख, खातं आणि थकल्यावर काय, हे तीन तपशील असले की दरखास्तीत वाद घालायला जागा उरत नाही.

आता भावकी. वाटणी, बांध, शेतरस्ता, समाईक विहीर या वादांत लोकअदालतीची घाई घातक ठरते. कागदावर भांडण हिश्श्याचं असतं, मुळात ते पाण्याचं किंवा वाटेचं असतं, आणि हे भरल्या हॉलमध्ये कुणी बोलत नाही. जिल्हा न्यायालयातलं मध्यस्थी केंद्र यासाठीच आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 89 खाली न्यायाधीश प्रकरण तिकडे पाठवतात आणि त्यासाठी पैसे पडत नाहीत. मध्यस्थ 40 तासांचं प्रशिक्षण घेतलेला असतो, एकाहून जास्त बैठका घेतो आणि प्रत्येक पक्षाशी बंद खोलीत वेगळं बोलतो. तिथे सांगितलेलं तुमच्या परवानगीशिवाय दुसऱ्याला कळत नाही. कोर्टालाही तो तडजोड झाली की नाही एवढंच कळवतो. थोरला भाऊ पंचांसमोर जे बोलणार नाही ते इथे बोलतो, आणि गाठ तिथेच सुटते.

विहिरीच्या पाळीचंच घ्या. ‘सोमवार ते बुधवार थोरल्याची पाळी, गुरुवार ते शनिवार धाकट्याची’ अशी तडजोड वाचायला सरळ वाटते. पण शेतीपंपाची वीज अनेक ठिकाणी काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री अशी येते. वार कायमचे ठरवले तर एकाच्या नशिबी रात्री मोटर चालवणं येऊ शकतं आणि पहिल्याच उन्हाळ्यात भांडण पुन्हा उभं राहतं. म्हणून पाळी आठवड्याआड आलटून-पालटून लिहावी. मोटर जळली तर दुरुस्तीचा खर्च कुणी किती द्यायचा, वीजबिल कुणाच्या नावाचं आणि पाणी आटल्यावर तास कसे कमी करायचे, हेही त्यातच यावं. घाईत लिहिलेल्या तडजोडनाम्यात यातलं काही नसतं.

वाटणीत ‘पूर्वेकडचा अर्धा भाग’ एवढ्यावर सही करणं म्हणजे फेरफाराच्या वेळी अडकणं. गट नंबर, हेक्टर-आरमध्ये क्षेत्र, चतुःसीमा आणि शक्यतो भूमी अभिलेखची मोजणी करून काढलेला नकाशा सोबत जोडावा. सातबाऱ्यावर नाव असलेले सगळे पक्षकार आहेत का, हे दोनदा तपासावं. विवाहित बहिणीची सही राहिली तर सगळ्या तडजोडीवर प्रश्नचिन्ह लागतं. दाव्यात नसलेली मिळकत, जसं गावठाणातलं घर, तडजोडीत ओढली तर तेवढ्यापुरती दस्त नोंदणी लागते. मुद्रांक शुल्काचंही वकिलाला आधी विचारावं.

गावच्या तंटामुक्ती समितीत मिटलेल्या वादांनाही लोकअदालतीचं शिक्कामोर्तब हवं. 15 ऑगस्ट 2007 ला सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेत अनेक गावांनी मनापासून काम केलं, पण समितीच्या कागदाला हुकूमनाम्याची ताकद नाही. तो तडजोडनामा दाखलपूर्व प्रकरण म्हणून लोकअदालतीत ठेवला तर ती मिळते. लोकअदालतीचा हा उपयोग सर्वांत कमी केला जातो, याचं वाईट वाटतं.

अपील नाही ही या सेवेची ताकदही आहे आणि धोकाही. फसवणूक झाली असं वाटलं तर उच्च न्यायालयात रिट याचिका एवढाच मार्ग उरतो, आणि तिथेही फार मर्यादित कारणं चालतात. सही करण्यापूर्वी मसुदा मराठीत मोठ्यानं वाचून घ्यायचा हक्क तुमचा आहे, पॅनेलपुढची गर्दी हे न वाचण्याचं कारण नव्हे. घरातल्या वयस्कर माणसांना एकटं पाठवू नका. निवाड्याची प्रमाणित प्रत लवकर काढून ठेवा, कारण समोरच्यानं शब्द पाळला नाही तर दरखास्तीसाठी 12 वर्षांची मुदत असते आणि कोर्टात तीच प्रत लागते.