नऊ महिने डिजिटल बेसबॉल कार्डांची अदलाबदल केली, त्याचा अनुभव (अ‍ॅपपेक्षा माणसांचाच जास्त)

आधीच सांगते, अ‍ॅपचं नाव लिहीत नाहीये. एकतर ही अ‍ॅप्स साधारण सारखीच असतात, आणि मला जे सांगायचंय ते अ‍ॅपबद्दल कमी आणि त्यावरच्या लोकांबद्दल जास्त आहे. मी मूळची इचलकरंजीची, आता बरीच वर्षं न्यू जर्सीत. मार्च 2024 पर्यंत बेसबॉलमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. मुलगा लिटल लीगमध्ये (लहान मुलांच्या बेसबॉल लीगमध्ये) खेळायला लागला, जेवताना तो आणि त्याचा बाबा काय बोलतात ते डोक्यावरून जायचं, म्हणून ऑफिसातली एक मैत्रीण म्हणाली की हे अ‍ॅप घे, कार्डं गोळा कर, नावं आपोआप पाठ होतील. नावं पाठ झाली. पण रात्री साडेअकराला पांघरुणात फोन घेऊन कुणा अनोळखी माणसाशी एका निळ्या कार्डावरून घासाघीस करत बसायची सवय पण लागली, ते तिने सांगितलं नव्हतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रोज थोडे फुकट कॉइन मिळतात, त्याचे पॅक फोडायचे, आतून खेळाडूंची कार्डं निघतात. साधी बेस कार्डं ढिगाने, त्याच्यावर रंगीत, त्याच्यावर सही असलेली. कुठल्या कार्डाच्या किती प्रती आहेत तो आकडा दिसतो आणि भाव सगळा त्या आकड्यावर. कागदी कार्डांचं वेगळं होतं. टॉप्स कंपनीचं 1952 सालचं मिकी मँटल या गाजलेल्या खेळाडूचं एक कार्ड ऑगस्ट 2022 मध्ये 1 कोटी 26 लाख डॉलरला गेलं, आणि त्याच 1952 च्या मालाची न खपलेली खोकीच्या खोकी कंपनीने 1960 मध्ये नेऊन समुद्रात टाकली होती! म्हणजे तिथे माल खरंच पाण्यात गेला म्हणून दुर्मिळ झाला, आणि इथे कुणीतरी टेबलाशी बसून 500 असा आकडा टाइप करतं म्हणून. नवरा यावरून मला भरपूर हसून घेतो. हसू दे, त्याची यांकीज टीम वर्ल्ड सिरीज (सीझनची फायनल) हरली तेव्हा मी हसले होतेच.

तर डबल झालेली कार्डं दुसऱ्याला द्यायची आणि आपल्याला हवी ती घ्यायची, हा ट्रेडचा भाग. अ‍ॅप एवढंच बघतं की दोघांनी बटण दाबलं का. सौदा बरोबरीचा झाला का, समोरच्याला कळलं का, याच्याशी अ‍ॅपला काही देणंघेणं नाही. आणि सगळी गंमत आणि सगळा मनस्ताप तिथेच आहे.

बारीकसारीक त्रास आधी सांगून टाकते. प्रोफाइलवर मोठ्या अक्षरात लिहिलंय की लिंडोरची कार्डं द्यायची नाहीत (मुलाचा लाडका, न्यूयॉर्कच्या मेट्स टीमचा शॉर्टस्टॉप, म्हणजे आतल्या मैदानातला फील्डर), तरी दिवसाला तीन ऑफर त्याच कार्डासाठी. काही लोक नऊ बेस कार्डांचा कचरा पाठवून एक सहीवालं मागतात, भाजीवाल्याला देठं देऊन आंबे मागितल्यासारखं. ऑफर पाठवून दहा मिनिटांत खाली "वाय?" म्हणजे येस का, मग परत "वाय??", अरे बाबा मी मीटिंगमध्ये आहे. नाही म्हणायचं असेल तर सरळ नाकारा, ऑफर आठवडाभर लोंबकळत ठेवू नका, समोरच्याला ना ते कार्ड दुसरीकडे देता येत ना विसरता येत. आणि माझं मत विचाराल तर ऑफर टाकण्याआधी समोरच्याची विशलिस्ट बघणं हा या खेळातला नमस्कार आहे. तेवढं केलं की लोक वेगळ्या सुरात बोलतात.

आता मेमधली गोष्ट. रविवार, 26 मे, लाँग वीकेंड, आम्ही मित्रांकडे बार्बेक्यूला. मी मक्याची कणसं सोलत होते आणि फोन वाजला, रोनाल्ड अकुन्याचं सहीवालं कार्ड, बदल्यात माझी फक्त दोन रंगीत. अकुन्या म्हणजे नॅशनल लीगचा (दोन मोठ्या लीगपैकी एक) 2023 चा एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू, एका सीझनमध्ये 40 च्या वर होमरन (बॉल थेट मैदानाबाहेर) आणि 70 च्या वर स्टील (बॉल टाकणाऱ्याला चकवून पुढच्या बेसवर पळणं) केलेला माणूस, त्याचं कार्ड असं वाटेवर कोण टाकतं? मला वाटलं आपलं नशीब, हात पुसला आणि बटण दाबलं. तासाभराने यजमानांच्या टीव्हीवर दाखवत होते की पिट्सबर्गमध्ये पहिल्याच इनिंगमध्ये धावताना त्याचा गुडघा गेला. रात्री नक्की झालं, लिगामेंट फाटलं, सीझन संपला. ज्याने मला कार्ड दिलं तो मॅच बघत होता आणि मी कणसं सोलत होते, एवढाच आमच्यातला फरक. बरं, भांडायला जावं तर त्याने खोटं काहीच बोललेलं नाही. "मी विचारलं, तू हो म्हणालीस" एवढं त्याचं उत्तर आलं, खाली हसरा चेहरा.

मी आठवडाभर धुसफुसत होते. पण याच मेमध्ये मी पण एकाकडून लिंडोरची चार कार्डं अगदी पडत्या भावात घेतली होती, तेव्हा त्याची बॅटिंग अ‍ॅव्हरेज पॉइंट दोनशेच्या खाली होती, म्हणजे अगदीच वाईट, मेट्सवाले स्वतःच वैतागलेले. तोच लिंडोर सीझन संपला तेव्हा 33 होमरनवर होता आणि नॅशनल लीगच्या एमव्हीपीच्या मतदानात डॉजर्स टीमच्या शोहेई ओतानीच्या मागे दुसरा आला. मग मी त्या माणसाला फसवलं का? मला नाही वाटत. लिंडोर किती वाईट खेळतोय ते आम्हा दोघांनाही दिसत होतं, पुढचं कुणालाच दिसत नव्हतं, त्याने एक अंदाज बांधला आणि मी दुसरा. अकुन्याच्या वेळी एकाला माहीत होतं आणि एकाला नव्हतं. मला तरी खोट तिथे वाटते, कार्डाच्या किमतीत नाही.

तरी जुन्या ऑफरचं पाप माझंच. ओतानीचं एक बरं कार्ड मी सप्टेंबरमध्ये एकाला ऑफर करून विसरून गेले होते. 19 तारखेला मायामीत ओतानी सहापैकी सहा मारून, तीन होमरन, 10 आरबीआय (त्याच्या फटक्यांवर आलेल्या धावा), आणि एकाच सीझनमध्ये 50 होमरन 50 स्टील असं आधी कुणी न केलेलं करून बसला, मी ऑफिसात स्प्रेडशीट भरतेय, आणि त्या माणसाने बरोबर त्याच वेळी माझी आठ दिवसांची शिळी ऑफर उचलली. याच्यावर मात्र मी कुणाला बोल लावत नाही. शिळं अन्न उघडं ठेवलं तर मांजर खाणारच. आता दर रविवारी पेंडिंग ऑफरी झाडून काढते.

आता ज्याच्यासाठी खरं तर हे लिहायला बसले ते.

जूनमध्ये एका नव्या खात्याशी ट्रेड झाला. पॉल स्कीन्स नावाचा पिचर (बॉल टाकणारा) 11 मेला पहिली मॅच खेळला होता, सगळीकडे त्याचीच हवा, आणि या पोराकडे त्याचं रूकी (पहिल्या सीझनचं) सहीवालं कार्ड, प्रती अगदी कमी. प्रोफाइलमध्ये सगळं रिकामं, फक्त एक ओळ, "शिकागो व्हाइट सॉक्स पाहिजेत". व्हाइट सॉक्स म्हणजे त्या वर्षी 162 पैकी 121 मॅच हरलेली टीम, त्यांची बेस कार्डं माझ्याकडे धूळ खात पडली होती, फुकट दिली तरी कुणी घेईना. मी सहज नऊ व्हाइट सॉक्स लावले आणि समोर स्कीन्स. खरं सांगायचं तर चेष्टाच होती, घासाघीस इथून सुरू होईल असा हिशेब. चाळीस सेकंदात अ‍ॅक्सेप्ट!

पहिल्यांदा आनंद झाला, मुलाला उठवून दाखवणार होते. मग त्याचं यूजरनेम नीट बघितलं, शेवटी 11 होतं. 2011 चा जन्म असेल तर तेरा वर्षांचा, म्हणजे माझ्याच पोरापेक्षा दोन वर्षांनी मोठा. जर्सीचा नंबरही असेल, काय माहीत. पण एकदा ते डोक्यात बसलं की बसलं. आमच्या गल्लीत चिंगमसोबत क्रिकेटची कार्डं यायची तेव्हा एक दादा लहान पोरांना "तीन घे आणि एक दे" करून त्यांची चांगली कार्डं काढून घ्यायचा, पोरं बिचारी तीन मिळाली म्हणून खूश. माझा भाऊ त्यात गेलेला, आणि मी त्या दादाच्या घरी जाऊन त्याच्या आईसमोर भांडून आलेली. आता मी त्या दादाच्या जागी. झोप लागेना.

सकाळी मेसेज केला, तुझ्या कार्डाची किंमत माझ्या नऊपेक्षा खूप जास्त आहे, हवं तर उलटा ट्रेड करूया. उत्तर आलं, "माहितीये. सगळे व्हाइट सॉक्स डिलीट करतात, मला कुणी देत नाही." मी म्हटलं तरीही. मग थोड्या वेळाने, "ओके, मग क्रोशेचं सहीवालं मिळवून दे."

गॅरेट क्रोशे त्यांचा पिचर, त्या बुडत्या जहाजातला एकमेव चांगला माणूस. माझ्याकडे नव्हतं. ते मिळवायला मला तीन दिवस आणि दोन ट्रेड लागले, त्यात एक ह्यूस्टनवाला असा चिवट की माझं मूकी बेट्स या खेळाडूचं हिरवं कार्ड घेतल्याशिवाय सोडलं नाही, गरज आपली आहे हे त्याला वासावरून कळलेलं. शेवटी क्रोशे त्या पोराला पाठवलं, बदल्यात त्याने एक बेस कार्ड लावलं कारण अ‍ॅपमध्ये एका बाजूने रिकामा ट्रेड होत नाही. हिशेब मांडला तर त्या स्कीन्समध्ये माझा फायदा फारसा उरला नाही. पण स्कीन्स नंतर रूकी ऑफ द इयर झाला, तेव्हा ते कार्ड उघडून बघताना पोटात काही गोळा येत नाही, म्हणून ठेवलंय.

उधारीबद्दल पण लिहायलाच पाहिजे, कारण नवीन लोक इथेच फसतात. दहा कार्डांचा सेट ठराविक तारखेच्या आत पूर्ण केला की बक्षिसाचं एक कार्ड मिळतं. मग ज्याच्याकडे नऊ आहेत तो दहावं कुणाकडून तरी रात्रीपुरतं मागतो, बक्षीस घेतो, परत देतो. अ‍ॅपमध्ये उधार असं काही बटणच नाही, सगळं शब्दावर. मी आत्तापर्यंत अकरा वेळा दिलं, दहा वेळा परत आलं. अकराव्याने आधी "वहिनींना बरं नाही" म्हणतात तशी कारणं सांगितली, मग प्रोफाइलचं नाव बदललं, मग मला ब्लॉक केलं. अ‍ॅपच्या सपोर्टला लिहिलं तर छापील उत्तर, दोन्ही बाजूंनी मान्य केलेला ट्रेड उलटा करता येत नाही. त्यांच्या जागी ते बरोबर असतील, मला राग यायचा तो आला.

पण उरलेल्या दहांपैकी एक बाई, ओहायोच्या, सत्तरीच्या असाव्यात, त्यांनी माझं कार्ड परत देताना सोबत लिंडोरचं एक छोटं रंगीत कार्ड लावलं, न मागता. मला एकदम आमच्या वाड्यातली वाटी आठवली. शेजारणीकडून वाटीभर साखर आणली की वाटी रिकामी परत करायची नाही, आई त्यात दोन लाडू नाहीतर निदान चिमूटभर चिवडा घालून द्यायची. तेव्हापासून मी पण उधार घेतलेलं कार्ड नुसतं परत करत नाही, समोरच्याच्या विशलिस्टमधलं एखादं बेस घालतेच. खर्च शून्य, आणि पुढच्या वेळी तोच माणूस दोन मिनिटांत कार्ड देतो. एक बारकावा, मोठा ट्रेड दोन हप्त्यांत करायचा असेल तर पहिलं कुणी पाठवायचं यावरून लोक रुसतात. माझा नियम असा की ज्याचं खातं नवं त्याने पहिलं पाठवायचं, आणि मी नवी होते तेव्हा मीच पाठवलंय.

शेवटच्या कार्डाची अडवणूक करणारे मात्र मला अजिबात पटत नाहीत. सेटमधल्या एकाच कार्डाच्या चाळीस प्रती गोळा करून बसायचं आणि शेवटच्या दिवशी तिप्पट मागायचं. नियमात बसतं, माहितीये. टंचाईच्या दिवसांत रॉकेल दडवणारे पण म्हणायचे दुकान माझं आहे. बरीच खाती काढून फुकटचे कॉइन एकीकडे वळवणारे पण दिसतात, त्यांच्याशी मी ट्रेड करत नाही, बाकी तुमची मर्जी.

पैशाचं विचाराल तर नऊ महिन्यांत माझे 46 डॉलर गेले, त्यातले निम्मे एकाच रात्री, ती रात्र मला आठवायची नाहीये. हे कार्ड आपलं नाही, सर्व्हरवर आहे, उद्या अ‍ॅप बंद पडलं तर हातात काही नाही, आणि नवा सीझन आला की मागच्या वर्षीच्या बेस कार्डांना कुत्रं विचारत नाही, हे आधी समजून घ्या. अ‍ॅपला साडेतीन स्टार, एक सपोर्टमुळे गेला आणि अर्धा मध्यरात्रीच्या नोटिफिकेशनमुळे. खेळ मात्र कळायला लागला, आता घरात इनफिल्ड फ्लायचा नियम मी समजावते.

शिकागोवाल्या पोराचा डिसेंबरात मेसेज आला होता. खऱ्या व्हाइट सॉक्सनी क्रोशेला बॉस्टनला देऊन टाकलं, बदल्यात चार नवखी पोरं घेतली. पोराने लिहिलं होतं, "मी तरी तुझ्याकडून स्कीन्सच्या बदल्यात दहा घेतले." क्रोशेचं कार्ड विकणार का विचारलं तर नाही म्हणाला.

आत्ता हे लिहितेय तेव्हा इनबॉक्समध्ये एक ऑफर पडलीये, माझ्या लिंडोरसाठी नऊ बेस कार्डं, त्यातली चार एकाच खेळाडूची, खाली "वाय?". नाही म्हणून पाठवते आणि झोपते, सकाळी सहाला मुलाची प्रॅक्टिस आहे.