सायकोपायमधला ठिपक्यांचा प्रयोग: फुकट आहे, चांगलाही आहे, पण आहे तसा वापरू नका

स्किझोफ्रेनियाचं नाव निघालं की भास आणि संशय यांवरच बोललं जातं. नजरेचं कामही बिघडतं, हे मागेच राहतं. सैरावैरा हलणाऱ्या ठिपक्यांतून एकच दिशा ओळखणं बऱ्याच रुग्णांना जड जातं. सगळ्यांना मात्र नाही. हालचाल ओळखणाऱ्या, मेंदूतल्या एमटी भागाशी याचा संबंध लावला जातो. हे मोजण्यासाठी सायकोपाय पुरेसं आहे. नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या जोनाथन पीअर्स यांनी सुरू केलेलं हे सॉफ्टवेअर साध्या लॅपटॉपवर चालतं. त्यामुळे लातूर, नांदेड, अंबाजोगाईकडच्या मनोविकार विभागांना वेगळं यंत्र घ्यावं लागत नाही.

खरी मेहनत ठिपक्यांच्या सेटिंगमध्ये आहे. वेग इथे सेकंदाला नाही, फ्रेमला (पडद्यावर एकदा उमटणाऱ्या चित्राला) मोजतात. सेकंदाला 5 अंश (डोळ्यापाशी होणारा कोन) हवे असतील तर 60 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 60 फ्रेम दाखवणाऱ्या पडद्यावर 0.083 भरा. तिथे 5 भरले तर ठिपके नुसते चमकून जातात. एकक अंश ठेवलं असेल तर सायकोपायच्या ‘मॉनिटर सेंटर’ या खिडकीत पडद्याची रुंदी आणि डोळ्यापासूनचं अंतर टेपने मोजून टाका. अंतर 57 सेंमी ठेवलं की पडद्यावरचा 1 सेंमी म्हणजे जवळपास 1 अंश, पुढचा हिशोब सोपा.

ठिपक्याचं आयुष्य 3 फ्रेम, म्हणजे सुमारे 50 मिलिसेकंद, चांगलं. ते वाढवलं तर रुग्ण एकाच ठिपक्यावर नजर ठेवून उत्तर देतो आणि चाचणी भलतंच काही मोजते. याच कारणासाठी सिग्नलचे (एकाच दिशेने जाणारे) ठिपके ‘सेम’ऐवजी ‘डिफरंट’ करा, म्हणजे ते दर फ्रेमला बदलतात. 100 ठिपके घेतले तर कोहेरन्स (एकाच दिशेने जाणाऱ्या ठिपक्यांचं प्रमाण) 1 टक्क्याच्या पायरीनेच बदलतो, त्याहून बारीक पायरी मागू नका. दिशेत 0 म्हणजे उजवीकडे, 180 म्हणजे डावीकडे. उत्तरांनुसार अवघडपणा बदलणारा स्टेअरकेस लूप ‘तीन बरोबर, एक चूक’ (सलग तीन बरोबर आली की अवघड, एक चुकलं की सोपं) ठेवला तर उंबरठा, म्हणजे दिशा ओळखायला लागणारा कोहेरन्स, सुमारे 79 टक्के अचूकतेवर येऊन थांबतो. कमाल मूल्य 1 (म्हणजे 100 टक्के) लिहायला विसरू नका, नाहीतर सलग चुका झाल्या की कोहेरन्स 1 च्या वर जायला बघतो.

सूचनेचा मराठी मजकूर थेट टाइप केला तर जोडाक्षरं फुटण्याचा धोका असतो, म्हणून चित्र करून टाका. वाक्य बोलीतलं असू द्या: “काका, जास्तीचे ठिपके कुणीकडं चाललेत, हात करून दाखवा.” औषधांमुळे हात थरथरत असेल तर बटण तपासणाऱ्यानेच दाबावं. पण समोरासमोर बसलात तर रुग्णाचा डावा हात तुमच्या उजवीकडे येतो आणि नोंद उलटी होते. शेजारी, त्याच बाजूला तोंड करून बसा आणि तुमच्या बाजूने पडद्याला पुठ्ठा लावा, म्हणजे उत्तर तुम्हाला आधी कळणार नाही. लॅपटॉप चार्जरला लावलेला असावा. लाइट गेली आणि बॅटरीवर आला की बऱ्याचदा उजेड कमी होतो, फ्रेमही गळू शकतात. तशी फेरी बाद धरा.

सर्वांत मोठी गफलत होते ती आकडा वाचताना. लक्ष नसलं, झोपेचा अंमल असला, चष्मा घरी राहिला, तरी उंबरठा वाढतोच. म्हणून मधूनमधून 100 टक्के कोहेरन्सच्या 10 फेऱ्या टाका. त्यांतल्या 9 तरी बरोबर आल्या नाहीत तर बाकीच्या आकड्याला अर्थ नाही. एकट्या आकड्यावरून निदान तर मुळीच करू नये. रुग्ण आणि निरोगी लोकांचे आकडे एकमेकांत बरेच मिसळतात.

लक्षाचा मुद्दा खोडण्यासाठी ग्रेटिंगचा, म्हणजे सरकत्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा, प्रयोग जास्त दमदार आहे. ड्युये तादिन आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये दाखवलं की मोठ्या, ठळक पट्ट्यांची दिशा ओळखण्यात काही रुग्ण निरोगी लोकांपेक्षा सरस ठरतात. भोवतालच्या हालचालीमुळे मधली हालचाल ओळखणं एरवी जड जातं, ते दमन त्यांच्यात कमी पडतं. नुसतं लक्ष कमी असतं तर कोणी सरस ठरलाच नसता. सायकोपायमध्ये हाही प्रयोग बांधता येतो, पण पट्ट्या फार थोडाच वेळ दाखवायच्या असतात आणि 60 हर्ट्झवर एक फ्रेमच 16.7 मिलिसेकंदांची. साध्या लॅपटॉपवर तो करू नका, त्यासाठी निदान 120 हर्ट्झचा पडदा मागवा.